मालगाडीचं ड्रोन शूट बुक करताय? आधी उजेडाचं बोलू

आमच्याकडे फोन येतो तो बहुतेक वेळा रोरोवर (भरलेले ट्रक वॅगनवर चढवून नेणारी रेल्वेची सेवा) ट्रक चढवणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा, कधी कंटेनरवाल्यांचा, कधी नुसत्या रेल्वेप्रेमींचा, आणि पहिला प्रश्न असतो किती घेणार. आम्ही आधी विचारतो की गाडी कोकण रेल्वेवर नेमकी कुठे आणि किती वाजता पाहिजे, कारण रेट त्यावरच ठरतो.

ही लाईन ढोबळमानाने उत्तर-दक्षिण जाते. म्हणजे सकाळी गाडीची पूर्वेकडची बाजू उजळते आणि संध्याकाळी समुद्राकडची. त्यात सकाळी सूर्य सह्याद्रीच्या मागून वर येतो, त्यामुळे पंचांगात सूर्योदय झालेला असतो पण खाली रुळांवर ऊन यायला बराच वेळ जातो, तोवर सगळं निळसर आणि दरीत धुकं. संध्याकाळचं सोनेरी ऊन सगळ्यांनाच हवं असतं, पण आपल्याकडे सूर्य बुडाला की अर्ध्या तासाच्या आत काळोख होतो.

आणि मालगाडीला प्रवासी गाडीसारखं छापील टाईमटेबल नसतं. लाईन बरीचशी सिंगल, एक्सप्रेसला पुढे काढायला मालगाडी लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभी राहते ती कितीही वेळ. साडेपाचला भरपूर ऊन म्हणून लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावून थांबायचं, सव्वासहाला तोच फिल्टर नको होतो, मग ड्रोन उतरवून काढायचा, दोन-तीन मिनिटं जातात, आणि नेमकी तेव्हाच गाडी आली तर दिवस गेला. म्हणून आम्ही दोन संध्याकाळी धरूनच बुकिंग घेतो, एका दिवसात करा म्हणू नका प्लीज.

गाडीवरचं नाव वाचता येईल का, हेही सगळे विचारतात. आम्ही सेकंदाला २५ फ्रेमने शूट करतो आणि शटर १/५० ठेवतो, म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड घेते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या वेळात साधारण २८ सेंटीमीटर सरकते, पण ड्रोन सोबत समांतर चालवला की नाव टिकतं. उजेड कमी म्हणून शटर १/२५ केलं तर हेच सरकणं ५५ सेंटीमीटरच्या वर जातं, आणि ड्रोनचा वेग जरा जरी कमीजास्त झाला की ताडपत्रीवरची अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवून थोडे दाणे आलेले आम्हाला चालतात, ते एडिटिंगमध्ये बरेच कमी करता येतात, पुसलेलं अक्षर परत आणता येत नाही.

बोगद्याचं तोंड सगळ्यात अवघड. सुरुवातीच्या एका कामात आम्ही एक्स्पोजर ऑटोवर ठेवलं होतं, काळं तोंड फ्रेममध्ये आलं तसं कॅमेऱ्याने सगळं उजळवलं, इंजिन बाहेर आलं तेव्हा आकाश आणि हेडलाईट दोन्ही पांढरे फटक, ते फुटेज आम्हाला टाकून द्यावं लागलं. तेव्हापासून एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा) आणि व्हाईट बॅलन्स (रंगांची छटा) दोन्ही लॉक, मोजमाप उजेडाच्या भागावर, आणि १०-बिट लॉगमध्येच रेकॉर्डिंग, म्हणजे उजेड-सावलीचे तपशील जास्त टिकतात आणि रंग नंतर एडिटिंगमध्ये बसवता येतात. त्यामुळे सावलीतला भाग काळसर येणार हे आधीच सांगतो. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच, संध्याकाळी वर गाडी उन्हात असते आणि खाली दरी अंधारलेली, तो फरक आम्ही मुद्दाम ठेवतो, कारण उंची त्यातूनच कळते. तिथे विमानतळ जवळ आहे, त्यामुळे एअरस्पेस मॅप (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा नकाशा) बघून परवानगी असेल तरच ड्रोन, नाहीतर लांबच्या टेकडीवरून ट्रायपॉड.

रुळांवरून आणि ओव्हरहेड वायरच्या वरून आम्ही उडवत नाही, कितीही पैसे दिले तरी. तारेत २५ हजार व्होल्ट असतात, आणि ड्रोनचे सेन्सर बारीक तार दिवसासुद्धा धड पकडत नाहीत, संधिप्रकाशात तर आंधळेच. उड्डाण बाजूच्या खाजगी जागेतून, मालकाला विचारून, डोळ्यासमोर, ४०० फुटांच्या आत. रेल्वेच्या हद्दीत पाऊल टाकायचं असेल तर रेल्वेची लेखी परवानगी तुम्ही आणायची. पावसात आमचं मशीन उडत नाही, पण पाऊस थांबल्यावरचं मळभ मात्र सोडू नका, त्या मऊ उजेडात ताडपत्री चकाकत नाही आणि केबिनमध्ये बसलेला ड्रायव्हरसुद्धा स्पष्ट दिसतो.

फोन करताना एवढं सांगा: ट्रक कोलाडहून (रायगडमधलं रोरोवर ट्रक चढवायचं स्टेशन) चाललाय की परत येतोय, वॅगनवर कुठल्या तोंडाने चढलाय, आणि नाव कुठल्या बाजूला लिहिलंय. त्यावरून सकाळ घ्यायची का संध्याकाळ ते आम्ही लगेच सांगू.