नाकासमोर न उडणारं विमान : आय-१६

सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला तेव्हा आठवडाभर सगळीकडे तेच चाललं होतं, फोटो, आठवणी, पायलट लोकांच्या मुलाखती. नाशिककडच्या लोकांना तर ते घरचंच विमान, ओझरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनलेलं. त्या सगळ्यात मला एक नाव सारखं आठवत होतं आणि ते कुणीच घेत नव्हतं. सोव्हिएत विमान डिझायनर निकोलाय पोलिकार्पोव्ह.

मिग म्हणजे मिकोयान आणि गुरेविच हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण या दोघांच्या टीमचं पहिलं विमान आलं कुठून? १९३९ च्या अखेरीस पोलिकार्पोव्ह सोव्हिएत शिष्टमंडळाबरोबर जर्मनीला गेला होता, आणि तो तिकडे असतानाच त्याच्या ऑफिसमधलं आय-२०० नावाचं डिझाइन आणि त्यावर काम करणारी माणसं काढून मिकोयान-गुरेविच यांच्या नव्या टीमला देऊन टाकली. तेच विमान एप्रिल १९४० मध्ये उडालं आणि पुढे मिग-१ झालं. म्हणजे आपल्या ओझरच्या मिगचं मूळ शोधत गेलं की आपण पोलिकार्पोव्हच्या ड्रॉइंग बोर्डाशी पोचतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण या माणसाने त्याच्या आधी जे विमान केलं होतं ते, माझ्या मते, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं सगळ्यात धाडसी फायटर होतं. आय-१६.

आधी माणसाबद्दल थोडं. धर्मगुरूचा मुलगा, जन्म १८९२ चा. ऑक्टोबर १९२९ मध्ये त्याला अटक झाली, खटला न चालवता मृत्युदंड ठरला, पण अंमलबजावणी झाली नाही, कारण सरकारला विमानं हवी होती. मग तुरुंगातच डिझाइन ऑफिस काढलं आणि कैदी इंजिनीअर कामाला बसवले. तिथे त्याने आणि ग्रिगोरोविचने मिळून आय-५ हे दोन पंखी फायटर केलं, ते १९३० मध्ये उडालं. शिक्षा नंतर सैल झाली, पण कायद्याने तो निर्दोष ठरला १९५६ मध्ये, मरून बारा वर्षं झाल्यावर. डोक्यावर असली तलवार असताना माणूस जुन्या वाटेने, सांभाळून काम करेल असं आपल्याला वाटतं. त्याने नेमकं उलटं केलं.

३० डिसेंबर १९३३ ला टेस्ट पायलट व्हालेरी च्कालोव्हने आय-१६ पहिल्यांदा उडवलं. (हाच च्कालोव्ह १९३७ मध्ये मॉस्कोहून उत्तर ध्रुवावरून अमेरिकेत न थांबता गेला.) त्या वेळी जगातल्या बहुतेक हवाई दलांकडे दोन पंखांची, तारांनी बांधलेली, चाकं कायम खाली लोंबणारी फायटर होती. हे विमान एका पंखाचं, पंख खालच्या बाजूला, बाहेरून टेकू नाही, तारा नाहीत, आणि चाकं आत ओढून घेता येणारी. या सगळ्या गोष्टी एकत्र असलेलं सैन्यात दाखल झालेलं हे पहिलं फायटर. अंगकाठी म्हणाल तर लांबी जेमतेम ६ मीटर, पंखांचा पसारा ९ मीटर, पुढे भलंमोठं गोल इंजिन आणि मागे लगेच शेपूट. धड लाकडाचं, बर्चच्या पातळ पापुद्र्यांचे थर चिकटवून केलेलं कवच. पंखांचा सांगाडा धातूचा आणि वरून बराचसा कापडाने मढवलेला. चाकं वर घ्यायला मोटर नाही, पायलटने उजव्या हाताने हँडल फिरवायचं, चव्वेचाळीस वेढे, आणि तोवर विमान सांभाळायची स्टिक डाव्या हातात!

आता मला ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहावासा वाटला त्या गोष्टीकडे येतो. चांगलं विमान म्हणजे स्थिर विमान, असं आपण धरून चालतो. प्रवासी विमानासाठी ते बरोबरच आहे. पण फायटरचं तसं नाही, आणि का नाही हे समजून घेण्यात खरी मजा आहे.

शाळेतला गुरुत्वमध्य आठवा, ज्या बिंदूवर वस्तू तोलली जाते तो. विमान हवेत फिरतं, नाक वर-खाली करतं, ते या बिंदूभोवती. आता समजा खालून वाऱ्याचा झोत आला आणि नाक थोडं वर गेलं. पंख हवेला जरा जास्त कोनात सामोरा गेला, म्हणून पंखावरची उचल वाढली, तसंच शेपटीच्या आडव्या पंखावरची उचलही बदलली. या दोन्ही जास्तीच्या बलांची बेरीज एका ठराविक बिंदूतून लागते असं धरता येतं, त्याला न्यूट्रल पॉइंट म्हणतात. सगळा खेळ हा बिंदू आणि गुरुत्वमध्य यांच्यातला आहे. न्यूट्रल पॉइंट गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर जास्तीची उचल मागच्या बाजूला लागते, शेपूट वर उचलली जाते, नाक आपोआप खाली येतं, विमान स्वतःच सावरतं. तो पुढे असेल तर उलटं, वर गेलेलं नाक आणखी वर ढकललं जातं. आणि दोन्ही जवळपास एकाच जागी असतील तर विमान जिथे ठेवाल तिथे राहतं, परत येत नाही आणि पुढेही जात नाही.

घरी करून बघा. कागदी विमान तसंच फेकलं तर ते नाक वर करून गटांगळी खातं, त्याच्या नाकाला यू-पिन लावली की सरळ जातं. पिनने उचल वाढवली नाही, फक्त गुरुत्वमध्य पुढे नेला. बाणाचं टोक जड आणि मागे पिसं, ते यासाठीच.

दोन बिंदूंमधलं हे अंतर पंखाच्या सरासरी रुंदीच्या टक्क्यांत मोजतात, त्याला स्टॅटिक मार्जिन म्हणतात. आय-१६ चा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजला तर या रुंदीच्या तीस टक्क्यांच्याही मागे होता, त्या काळाच्या मानाने फारच मागे. दुसरीकडे शेपटीचा हात आखूड, त्यामुळे न्यूट्रल पॉइंट पुढे सरकलेला. त्यात पंख्याची भर, कारण पुढे फिरणारा पंखा आणि इंजिनाचं मोठं गोल तोंड नाकाच्या बाजूने ढवळाढवळ करतात आणि न्यूट्रल पॉइंट आणखी पुढे ओढतात, फुल पॉवरला जास्तच. म्हणजे मार्जिन जवळजवळ शून्यावर. आणि नेमकं फुल पॉवरला वर चढत असतानाच पायलट बिचारा ते हँडल फिरवत असायचा.

मग असं केलंच कशाला? कारण स्थिर विमान वाऱ्याशी जसं भांडतं तसंच पायलटशीही भांडतं. त्याला नाक वर घ्यायचं असतं आणि विमान म्हणतं खाली चल. मार्जिन कमी केलं की बोटाएवढ्या हालचालीने विमान वळतं. दुसरी गोष्ट जडत्व आघूर्णाची. वळायला किती जड जाईल हे नुसत्या वजनावर नाही, वजन मध्यापासून किती लांब आहे याच्या वर्गावर ठरतं. खांद्यावर कावड घेऊन झटकन मागे वळून बघा, आणि त्याच दोन घागरी पोटाशी धरून वळून बघा. पाणी तेवढंच, पण कावड लवकर फिरत नाही आणि फिरली की थांबतही नाही. अंतर निम्मं केलं की तो विरोध पावपट होतो. पोलिकार्पोव्हने इंजिन, टाकी, पायलट, बंदुका सगळं पोटाशी धरलं. म्हणून ते विमान इतकं बुटकं आहे, आणि लोक त्याला बेढब म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं.

याची किंमत पायलटने मोजली. उडत असताना सेट करता येतील असे ट्रिम त्यात नव्हते, म्हणजे स्टिक क्षणभर सोडायची सोय नाही, पूर्ण वेळ हातात धरून सारखं सावरत राहायचं, तळहातावर काठी उभी धरतो तसं. नेम धरून बंदूक चालवायलाही ते अस्वस्थ विमान होतं. लँडिंगचा वेग जास्त. म्हणून दोन सीटची शिकाऊ आवृत्ती हजाराच्या वर बनवावी लागली. ज्याला आय-१६ जमलं त्याला काहीही जमेल असं सोव्हिएत पायलट म्हणायचे ते यामुळे.

इथे एक सांगायलाच हवं. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं ही गोष्ट आपल्याकडे दरवर्षी फिरते, जोडीला वैमानिक शास्त्र नावाच्या ग्रंथाचा हवाला. त्या उड्डाणाचा भक्कम पुरावा नाही. आणि त्या ग्रंथाचा अभ्यास १९७४ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या संशोधकांनी केला, ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत असं त्यांनी दाखवून दिलं. तळपद्यांच्या ध्यासाबद्दल मला आदर आहे. पण विमान उडालं असं कुणी सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारतो, गुरुत्वमध्य कुठे होता? ज्या वर्णनात हे येतच नाही ते विमान नाही.

परत आय-१६ कडे. सगळ्यात मोठी भीती स्पिनची होती, म्हणजे विमान भोवऱ्यासारखं गरगरत खाली पडणं. इतक्या आखूड शेपटीचं विमान त्यातून बाहेर येणारच नाही असं अनेक तज्ज्ञांना वाटत होतं. मार्च १९३४ मध्ये च्कालोव्हने मुद्दाम त्याला सुमारे ७५ वेळा स्पिनमध्ये घातलं, आणि स्टिक-पेडल मध्यावर आणली की विमान बाहेर यायचं. मग उत्पादन धडाक्यात सुरू झालं, एकूण आठ हजारांहून जास्त बनली.

स्पेनच्या यादवी युद्धात, नोव्हेंबर १९३६ मध्ये, माद्रिदच्या आकाशात ती दिसली आणि समोरची हाइंकेल ५१ आणि फियाट सीआर ३२ ही दोन पंखी विमानं वेगात मागे पडली, कारण आय-१६ ताशी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास जायचं. सरकारच्या बाजूचे रिपब्लिकन लोक त्याला मोस्का म्हणजे माशी म्हणायचे, त्यांच्याविरुद्ध लढणारे जनरल फ्रँकोच्या बाजूचे राता म्हणजे उंदीर. खुद्द रशियात नाव पडलं इशाक, गाढव, कारण त्यांच्याकडे नावातलं 'आय' हे अक्षर 'इ' असं म्हणतात आणि इ-सोळाचा रशियन उच्चार तसाच कानाला लागतो. पुढे चीनमध्ये जपान्यांविरुद्ध, मग १९३९ मध्ये मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोलला, तिथे ऑगस्टमध्ये पाच आय-१६ नी जपानी विमानांवर रॉकेट सोडली. पण तोवर मेसरश्मिट १०९ हे जर्मन फायटर आलं होतं, आणि २२ जून १९४१ ला जर्मनीने हल्ला केला तेव्हा सोव्हिएत दलात आय-१६ अजून मोठ्या संख्येने होती, कित्येक जमिनीवरच जळाली. तरी त्याच उन्हाळ्यात एक विलक्षण गोष्ट झाली. चार इंजिनांच्या टीबी-३ बॉम्बरच्या पंखांखाली दोन आय-१६ टांगून नेली, प्रत्येकाला २५० किलोचे दोन बॉम्ब, जे घेऊन ते स्वतः जमिनीवरून उठूच शकलं नसतं. हवेत सुटून त्यांनी ऑगस्टमध्ये रोमानियात डॅन्यूबवरच्या चेर्नाव्होदा पुलावर सूर मारला आणि पुलाचं नुकसान केलं.

च्कालोव्ह डिसेंबर १९३८ मध्ये याच विमानाचा पुढचा अवतार आय-१८० टेस्ट करताना गेला. पोलिकार्पोव्ह १९४४ मध्ये.

आणि ती मागे सरकवलेल्या गुरुत्वमध्याची युक्ती? ती आपल्या तेजसमध्ये आहे. तेजस मुद्दामच अस्थिर ठेवलंय, फरक एवढाच की आता काठी तळहातावर उभी धरायचं काम चार चॅनेलचा डिजिटल फ्लाय-बाय-वायर कॉम्प्युटर करतो, म्हणजे पायलटच्या स्टिकचा इशारा वायरमधून घेऊन विमान सांभाळणारा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए उडालं, मिगच्या निरोपानंतर महिन्याभराच्या आतच.

१९९० च्या दशकात रशियात सापडलेल्या सांगाड्यांवरून सहा आय-१६ नोवोसिबिर्स्कला पुन्हा उडण्यायोग्य केली गेली आणि ती न्यूझीलंडला वानाकाच्या एअर शोमध्ये उडाली. त्यांचे व्हिडिओ मिळाले तर टेक-ऑफ नीट बघा. चाकं खटकन आत जात नाहीत, हळूहळू सरकत जातात, कारण आत कुणीतरी डाव्या हाताने ते अस्वस्थ विमान सांभाळत उजव्या हाताने वेढे मोजतंय, एक, दोन, तीन, चव्वेचाळीसपर्यंत.