छपरावरची डीसी आणि बेळगावचा वायरमन

प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि घराच्या छपरावर तीन किलोवॉटचा सौर संच बसवणाऱ्यास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. तेव्हापासून बेळगावच्या उपनगरांत आणि निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या गावांतही या विषयाची चौकशी वाढली आहे. ही चौकशी बहुतेक वेळा पॅनेल कोणत्या कंपनीचे आणि बिल किती कमी येणार, एवढ्यावर थांबते. पॅनेल जोडायला छपरावर कोण चढणार, हे फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक पॅनेल कारखान्यात तपासून आलेले असते आणि त्यावर वीजनिर्मितीची साधारण पंचवीस वर्षांची हमी असते. बिघाड होतो तो बहुधा छपरावर केलेल्या जोडणीत. ही जोडणी करणारा माणूस आपल्याकडे सहसा गावातला वायरमनच असतो. त्याच्या हातात कसब नाही असे मुळीच नाही. अडचण एवढीच आहे की त्याचे कसब एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, विजेवर घडलेले असते आणि पॅनेलमधून येणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, असते.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. घरात येणारी एसी वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा तिचा प्रवाह शून्यावर येतो. त्यामुळे बटण बंद करताना उडालेली ठिणगी लगेच विझते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. चालू प्रवाहात दोन टोके ओढून वेगळी केली तर मधल्या हवेतून विजेची ज्योत पेटते आणि अंतर पुरेसे वाढेपर्यंत जळत राहते. तीन किलोवॉटच्या संचात साधारण ५४० वॉटची सहा पॅनेल एका माळेत जोडली, तर भार नसताना त्या माळेच्या टोकांवर जवळजवळ तीनशे व्होल्टचा दाब असतो, आणि ऊन आहे तोवर तो बंद करण्याचे कोणतेही बटण पॅनेलवर नसते. आधी डीसीची एसी करणारा इन्व्हर्टर बंद करायचा, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे माळ तोडणारा स्विच, पाडायचा आणि त्यानंतरच केबल जोडणारा कनेक्टर सोडवायचा, हा क्रम चुकला की हात भाजलाच म्हणून समजावे.

फ्यूजबद्दलची सवयही येथे उपयोगी पडत नाही. घरात फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह उसळतो आणि एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहात आपोआप पडणारा स्विच, क्षणात पडतो. वरच्या संचातले पॅनेल काम करताना साधारण तेरा अँपिअर देते आणि त्याची दोन्ही टोके जोडून शॉर्ट केले तरी चौदाच्या आसपासच देते, कारण प्रवाह किती वाहणार हे पडणाऱ्या प्रकाशावर ठरते. एवढ्याशा वाढीने फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही, आणि दोष मात्र जळत राहतो. यातच खिशातला टेस्टर फसवतो: पॅनेलची माळ बहुधा जमिनीशी जोडलेली नसते, म्हणून निऑनचा दिवा लागेलच असे नाही, आणि दिवा लागला नाही म्हणजे वायर मेली असे धरून चालणारा माणूस धोक्यात येतो. वायरभोवती पकडून प्रवाह मोजणारा नेहमीचा स्वस्त क्लॅम्प मीटरही डीसीवर शून्य दाखवतो, कारण तो फक्त बदलता प्रवाह ओळखतो. एसीवर वर्षानुवर्षे निभावलेल्या चार सवयी छपरावर गेल्या की उलटतात, हे ज्याला कोणी दाखवून दिलेले नाही त्याला ते आपोआप कसे कळावे?

आता कनेक्टरकडे जरा जवळून पाहू. बोटभर लांबीचा हा काळा प्लास्टिकचा तुकडा किमतीने किरकोळ असतो. त्यात चार चौरस मिलिमीटरची सोलर केबल बसवताना टोकाचे सहा-सात मिलिमीटर आवरण एकही तार न तोडता काढायचे, धातूची पिन त्यावर चढवून त्यासाठीच्या पकडीने दाबायची, कनेक्टरच्या कवचात सरकवून टक्क असा आवाज ऐकायचा, मग मागची टोपी आवळायची आणि शेवटी हाताने ओढून पाहायचे. साध्या पकडीने दाबलेली पिन त्या दिवशी व्यवस्थित दिसते आणि संचही चालू होतो. पण संपर्क अपुरा असल्यामुळे तेथे विजेला होणारा रोध वाढतो, तेरा अँपिअरच्या प्रवाहाने ती जागा दररोज तापते, निवते, सैल होते आणि एखाद्या उन्हाळ्यात वितळते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कनेक्टर एकमेकांत बसले, तरी हाच प्रकार होऊ शकतो.

बेळगाव जिल्ह्याचा भूगोल या कामात स्वतःची भर घालतो. पश्चिमेला खानापूर तालुक्यात कणकुंबीकडे घाटमाथ्याचा धुवाधार पाऊस पडतो, तर ईशान्येला अथणीकडे दुष्काळी हवा असते. पावसाळ्यात केबलचे आवरण कुठे सोलले गेले असेल किंवा कनेक्टरमध्ये ओल शिरली असेल, तर सकाळी इन्व्हर्टर इन्सुलेशनचा दोष दाखवून बंद राहतो आणि दुपारी ऊन पडून सारे वाळले की आपोआप चालू होतो. मालक तक्रार करतो, तंत्रज्ञ दुपारी येतो, त्याला सगळे ठीक दिसते. हा दोष पकडायचा तर दव असताना सकाळी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र, घेऊन यावे लागते. अर्थिंगचेही तसेच आहे. पश्चिमेकडच्या जांभा दगडाच्या जमिनीत पाणी झरझर निचरून जाते, उन्हाळ्यात तिची रोधकता बरीच वाढते आणि जुलैमध्ये मोजलेला अर्थिंगचा आकडा एप्रिलमध्ये खरा राहत नाही. अथणीची काळी जमीन ओल धरून ठेवते, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते. पाठ्यपुस्तकात अर्थिंगचा खड्डा सर्वत्र एकच असतो.

वायरमनला या साऱ्याचे प्रत्यक्ष कामावरचे शिक्षण कोठे द्यावे याचे एक उत्तर अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांनी शोधले आहे. १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे पहिले सरकारी कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले. तेथून वाढत गेलेली ही परंपरा दोन वर्षांच्या, कमी शुल्काच्या, आसपासच्या उद्योगांना लागणाऱ्या शिक्षणाची आहे. आयोवा राज्यातील आयोवा लेक्स कम्युनिटी कॉलेजने २००४ मध्ये पवनचक्की तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे १.६५ मेगावॉटची स्वतःची पवनचक्कीच उभारली. विद्यार्थी त्याच पवनचक्कीवर चढून शिकतात आणि तयार झालेली वीजही वापरली जाते. मला यातील महत्त्वाची वाटते ती ही खरी पवनचक्की. पदवीचे नाव काय आहे हे गौण आहे.

आपल्याकडे कम्युनिटी कॉलेजची कल्पना १९९५ मध्ये पुदुच्चेरीत रुजली, पण तिचा विस्तार मर्यादित राहिला. हे काम आपल्याकडे प्रत्यक्षात आयटीआयने केले आहे. सौर तंत्रज्ञाचा एक वर्षाचा ट्रेड आयटीआयच्या यादीत आहे आणि २०१५ पासून केंद्राच्या सूर्यमित्र योजनेत ६०० तासांचे निवासी प्रशिक्षणही दिले गेले. बेळगावची खरी जमेची बाजू मात्र वेगळी आहे: उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये मायक्रॉनच्या हिशेबात काम करणारे हात आधीच आहेत. टर्नर, फिटर, वायरमन यांना पुन्हा ओहमच्या नियमापासून सुरुवात करायला लावण्यापेक्षा त्यांच्या कसबावर डीसीचे, उंचीवरच्या कामाचे आणि मोजणीचे थोडके पण नेमके शिक्षण चढवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

भाषेचा प्रश्न येथे भावनेचा नाही, सुरक्षिततेचा आहे. इन्व्हर्टरचे माहितीपत्रक इंग्रजीत, हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीचा अर्ज कन्नडमध्ये आणि ग्राहक मराठी, अशा तिठ्यावर हा तंत्रज्ञ उभा असतो. लाईट गेली की छपरावर लख्ख ऊन असूनही इन्व्हर्टर बंद का पडतो, हा प्रश्न त्याला हमखास विचारला जाणार. बाहेरच्या लाईनवर काम करणाऱ्या लाईनमनच्या अंगावर आपल्या घरातून वीज जाऊ नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो, हे घरातल्या आजींना पटेल अशा मराठीत आणि शेजारच्या काकांना पटेल अशा कन्नडमध्ये सांगता आले नाही, तर कोणीतरी जुगाड करून तीच सोय निकामी करील. शिवाय निपाणीचा मुलगा सीमेपलीकडे महाराष्ट्रात कागलला आणि बेळगावचा शिनोळीला कामाला जातोच. तेथे महावितरणचे अर्ज आणि नियम निराळे. दोन्ही बाजूंची कागदपत्रे भरायला शिकवणारा एक तास अभ्यासक्रमात असेल, तर तो कोणत्याही सूत्राइतकाच उपयोगी पडेल.

पवनऊर्जेच्या नोकऱ्या गदगच्या कप्पतगुड्डाकडे किंवा सीमेपलीकडे सांगलीतील ढालगावकडे जाऊन कराव्या लागतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील ऊर्जा आठपट होते, म्हणून पावसाळ्याच्या वाऱ्यात एक दिवस चक्की बंद राहणे महाग पडते आणि ऐंशी-शंभर मीटर चढून गिअरबॉक्स तपासणाऱ्याला चांगला भाव येतो. साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीत बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, बॉयलर चालवणारी माणसे उगार, संकेश्वरकडे पूर्वीपासून तयार होत आली आहेत. त्यांना नव्या नावाच्या अभ्यासक्रमाची घाई नाही.

सौर प्रशिक्षणासाठी जिल्ह्यात सर्वांत सोयीचा काळ म्हणजे पावसाळा. गाळप हंगाम संपलेला असतो, संच बसवण्याची कामे मंदावतात आणि ओलीमुळे होणारे दोष छपरावर आयते सापडतात. जूनमध्ये पेरणीमुळे शेतकऱ्यांची मुले येणार नाहीत, म्हणून वर्ग जुलैच्या अखेरीस सुरू करावा. परीक्षेच्या दिवशी शिक्षकाने एका माळेतील कनेक्टर मुद्दाम कच्चा दाबून ठेवावा, दुसऱ्या माळेत केबलचे आवरण किंचित सोलून ठेवावे, आणि सकाळी सात वाजता प्रत्येकाच्या हातात मेगर व डीसी क्लॅम्प मीटर देऊन दोन्ही दोष शोधायला सांगावेत.