महाविद्यालयीन अभिलेखागार आणि मिळकतीचे दस्त (नाशिक)

महाविद्यालयीन अभिलेखागार म्हणजे शिक्षणसंस्थेचे ठराव, पत्रव्यवहार, जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही), हिशेबाच्या वह्या, नकाशे आणि जमीन-इमारतींचे दस्त एका ताब्यात व एका क्रमाने जपणारे दालन. बोलण्यात त्याला अजूनही ‘दप्तर’ किंवा ‘रेकॉर्ड रूम’ म्हणतात. ग्रंथालयातले पुस्तक हरवले तर दुसरी प्रत मिळते; इथले बहुतेक कागद एकुलते एक असतात. त्यातही मिळकतीचा कागद एकटा असला की लंगडा पडतो. खरेदीखताला फेरफार (महसूल दप्तरातली हक्कबदलाची नोंद) लागतो, खरेदीमागे संस्थेचा ठराव लागतो, ठरावामागे पैसे दिल्याची नोंद लागते. ही साखळी तुटू न देणे हे अभिलेखपालाचे पहिले काम आहे.

नाशिकची पार्श्वभूमी

नाशिकला सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ साली स्थापन झाला. गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ची, आणि तिचे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ साली नाशिकमध्ये सुरू झाले. इतक्या जुन्या संस्थांच्या दप्तरांत दोन विद्यापीठांचा पत्रव्यवहार सापडतो: १९४९ पूर्वीचा मुंबई विद्यापीठाशी, नंतरचा पुणे विद्यापीठाशी. संलग्नतेचे मूळ पत्र शोधताना हे वर्ष आधी पाहावे.

जमिनीच्या कागदांचा माग याहून मागे जातो. नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधीचा मुलूख अहमदनगर आणि खानदेश यांत विभागलेला होता. त्यामुळे एखाद्या शिवाराचे त्याआधीचे महसुली कागद ‘नाशिक’ या नावाखाली मिळत नाहीत. मोगलाईतल्या कागदांत शहराचे नाव गुलशनाबाद असे येते. १९८२ साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा ‘मौजे अमुक, तालुका नाशिक’ असे लिहिलेल्या कितीतरी जमिनी शहरात आल्या. दस्तातले जुने वर्णन त्यामुळे चुकीचे ठरत नाही. मात्र जुने आणि नवे यांचा मेळ घालणारी नोंद दप्तरात असावी लागते.

मिळकतीच्या फाइलमध्ये काय असावे

बहुतेक ठिकाणी जमीन महाविद्यालयाच्या नव्हे, मातृसंस्थेच्या नावावर असते. संस्था सोसायट्यांच्या १८६० च्या कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याखाली नोंदलेली असते. म्हणून फाइलची सुरुवात संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्रापासून आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयातील परिशिष्ट १ च्या उताऱ्यापासून करावी. न्यासाच्या मिळकती या उताऱ्यावर लिहिलेल्या असतात. नवी जमीन घेतली, देणगीत मिळाली किंवा विश्वस्त बदलले, तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. जमीन घेतली, खत नोंदवले, सात-बाराही झाला, पण बदल अर्ज राहून गेला, असे प्रकार वारंवार आढळतात. ही उणीव पुढे विक्रीच्या किंवा भाडेपट्ट्याच्या वेळी अडते. न्यासाची स्थावर मिळकत विकायला, तसेच शेतजमीन १० वर्षांपेक्षा किंवा बिगरशेती जमीन व इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि त्या अर्जात पहिला प्रश्न परिशिष्टावरच्या नोंदीचा येतो.

त्यानंतर मालकीचा मूळ दस्त: खरेदीखत, बक्षीसपत्र, अदलाबदल पत्र, शासनाचा जमीन प्रदान आदेश किंवा सनद. १०० रुपये व त्यावरच्या स्थावर मिळकतीची खरेदी नोंदणीकृत दस्तानेच व्हावी लागते (नोंदणी कायदा १९०८, कलम १७). दस्त सही झाल्यापासून ४ महिन्यांत दुय्यम निबंधकापुढे हजर करायचा असतो. देणगीच्या जमिनींत खरी अडचण इथे येते. दात्याने सभेत जाहीर केलेले, पत्राने कळवलेले किंवा कोनशिलेवर कोरलेले दान मनापासून दिलेले असते, तरी स्थावराच्या बक्षिसाला नोंदणीकृत पत्र आणि २ साक्षीदार लागतात. नुसते पत्र असेल तर तेही जपावे, पण मालकीच्या दस्तांत न ठेवता पत्रव्यवहारात ठेवावे, आणि सूचीत तसा शेरा लिहावा.

मग महसुली कागद: सात-बारा, आठ-अ, फेरफार (गाव नमुना ६), बिनशेती आदेश, शहर हद्दीत मिळकत पत्रिका. सात-बारा हा मालकीचा दस्त नव्हे. तो महसुलाची नोंद आहे, आणि विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत बरोबर धरला जातो. त्यामुळे केवळ अद्ययावत उतारे काढून ‘कागदपत्रे पूर्ण आहेत’ असे समजणे धोक्याचे आहे. जुन्या उताऱ्यावर संस्थेऐवजी तेव्हाच्या सचिवांचे किंवा एखाद्या विश्वस्ताचे व्यक्तिगत नाव असेल तर तो फेरफार क्रमांक शोधून त्यामागचा मूळ दस्त काढावा. पुढच्या पिढीत वारसनोंद लागली की गुंता वाढतो. शासनाने दिलेली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग २ असते, म्हणजे तिच्या हस्तांतरावर शासनाची बंधने असतात. तिच्या प्रदान आदेशातल्या अटी (कशासाठी वापरायची, किती वर्षांत बांधकाम करायचे, हस्तांतरास कोणाची परवानगी) स्वतंत्र कागदावर उतरवून फाइलच्या आतल्या पानाला लावाव्यात.

एका जमिनीचे अनेक क्रमांक

नाशिकच्या दप्तरांत सर्वाधिक वेळ इथे जातो. एकाच मैदानाला वेगवेगळ्या काळात सर्व्हे नंबर व पोटहिस्सा, १९४७ च्या कायद्यानुसार एकत्रीकरण झालेल्या गावांत गट नंबर, नगर भूमापन झाल्यावर सिटी सर्व्हे नंबर आणि नगररचना योजना लागू असल्यास अंतिम भूखंड क्रमांक असे क्रमांक मिळालेले असू शकतात. खरेदीखतात एक, करपावतीवर दुसरा, बांधकाम परवानगीत तिसरा. यासाठी प्रत्येक मिळकतीला दप्तराने स्वतःचा कायम क्रमांक द्यावा आणि एका तक्त्यात सगळे सरकारी क्रमांक, कोणत्या आदेशाने कोणता आला, क्षेत्र आणि चतुःसीमा लिहाव्यात. चतुःसीमा फार उपयोगी पडतात, पण ‘पूर्वेस नाला, पश्चिमेस गाडीवाट’ हे वर्णन वस्ती वाढल्यावर जागेवर ओळखू येत नाही. मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा नकाशा), टिप्पण (मूळ मोजणीचे मापांसह रेखाटन) आणि फाळणी नकाशा (पोटहिश्श्यांचा नकाशा) यांच्या नकला भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून आणून त्याच तक्त्याला जोडाव्यात.

क्षेत्राचा फरक दिसला की अतिक्रमण झाले असे लगेच म्हणू नये. आधी मापे तपासावीत. १ एकर म्हणजे ४० गुंठे. गुंठा म्हणजे ३३ फुटी साखळीचा चौरस, १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर मात्र नेमका १०० चौरस मीटर. गुंठा आणि आर एकच धरून कोणी उतरवले असेल तर १० एकरांवर सुमारे ४६८ चौरस मीटरची तफावत पडते, म्हणजे साडेचार गुंठ्यांहून अधिक. बऱ्याच ‘हरवलेल्या’ जागा अशा कागदावर सापडतात.

मोडी, सन आणि तिथी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे खाजगी दस्त, विशेषतः विक्रेत्याच्या घराण्याकडून आलेली जुनी खते, मोडीत असतात. लिप्यंतर करताना मूळ ओळ, देवनागरी ओळ आणि न लागलेल्या अक्षराला रिकामी जागा अशी पद्धत ठेवावी. अंदाजाने शब्द भरू नये. शके असेल तर वर्षाच्या बहुतेक भागात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौषापासून पुढे कधी कधी ७९. पेशवाईतल्या कागदांत अरबी संख्यावाचक सुहूर सन असतो. ‘इसन्ने सितैन मया व अलफ’ म्हणजे २, ६०, १०० आणि १०००, मिळून ११६२. हे वर्ष मृगाला सुरू होते. म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ आणि जानेवारी ते मेच्या कागदाला ६०० मिळवावेत. वरील सन इसवी १७६१-६२ ठरतो. फसली सनाला, म्हणजे महसुली वर्षाला, ५९०-५९१ मिळवतात. फसली आणि सुहूर यांची गल्लत झाली की दस्त ९ वर्षांनी सरकतो आणि विक्रेता खरेदीआधीच मेलेला निघतो.

मुद्रांक आणि पाठीमागची बाजू

नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२० च्या दशकात सुरू झाली. तेव्हापासून देशभरच्या दस्तांना लागणारा मुद्रांक कागद या गावात छापला गेला. इथल्या दप्तरात तो हाताळताना हे जरूर आठवावे. दस्ताची छायाप्रत काढणारे लोक समोरची बाजू काढतात आणि थांबतात. मुद्रांक विक्रेत्याचा अनुक्रमांक, विक्रीची तारीख, खरेदीदाराचे नाव आणि दुय्यम निबंधकाचे शिक्के बहुधा मागच्या बाजूला असतात. मुद्रांक विक्रीची तारीख दस्ताच्या तारखेनंतरची निघाली तर दस्त संशयास्पद ठरतो. कोरी दिसणारी पाठसुद्धा स्कॅन करावी.

जुन्या मुंबई इलाख्यात नोंदणीसाठी आलेल्या दस्तांची छायाचित्रे काढली जात आणि त्यासाठी मूळ दस्त पुण्याला जाई. परत यायला फार वेळ लागे, तोवर कार्यकारिणी बदललेली असे, आणि मूळ दस्त आणायला कोणी गेलेच नाही, असे होत असे. कलम ८५ प्रमाणे मृत्युपत्र सोडून २ वर्षांहून अधिक काळ न उचललेले दस्त नष्ट करता येतात. तेव्हा फाइलमध्ये फक्त नोंदणीची पावती असेल तर ती पावती हाच धागा: कार्यालय, दस्त क्रमांक आणि वर्ष घेऊन सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातली मिळकतवार सूची, ‘इंडेक्स २’) चा उतारा व दस्ताची प्रमाणित नक्कल मागवावी.

जतन

नाशिकचा उन्हाळा कोरडा, पण जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. कागदाला ४५ ते ५५ टक्के मानवते. ६५ च्या वर बुरशी जोर धरते. एक आर्द्रतामापक आणि रोजची दोन वाचने एवढ्यावरही पुष्कळ काही कळते. कपाटे भिंतीपासून १५ सेंटिमीटर दूर आणि जमिनीपासून तितकीच उंच ठेवावीत. गोदाकाठच्या भागात तळमजल्यावर दप्तर ठेवूच नये. १९६९ आणि २००८ चे पूर पाहिलेल्या शहराला याचे कारण सांगायला नको.

दस्त बांधायला पेशवे दप्तरापासून चालत आलेला रुमाल आजही उत्तम. मात्र तांबडे खारव्याचे कापड ओले झाले की रंग सोडते आणि कापडातली खळ कसरीला बोलावते. कोरे मांजरपाट दोनदा धुऊन, खळ काढून वापरावे. टाचण्या आणि पिना आधी काढाव्यात, कारण पावसाळ्यात त्यांचा गंज कागद खातो. फाटलेल्या घडीला जपानी टिश्यू आणि मैद्याची पातळ खळ लावावी. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांनी जेवढे दस्त बिघडले, तेवढे वाळवीनेही बिघडले नसतील: चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून शाईत उतरतो, आणि लॅमिनेशन उष्णतेने चिकटलेले असल्याने दस्ताला धक्का न लावता निघत नाही.

शाई ओळखल्याशिवाय पाणी लावू नये. मोडी कागदांतली काजळीची शाई उजेडाला टिकते, पण ओलाव्याने पसरू शकते. लोहयुक्त शाई उलट कागदच जाळत जाते. इमारतींचे निळे नकाशे ही आणखी वेगळी जात: उजेडाने ते फिके पडतात आणि क्षार मिसळलेल्या जतन-कागदातही त्यांचा निळा रंग उडतो. इतर दस्तांना हितकारक असलेला तो कागद नकाशांना वापरू नये, साधा आम्लमुक्त कागद वापरावा. जुन्या ट्रेसिंग कापडावर खळीचा थर असतो. पाण्याचा थेंब पडला की तिथे पांढरा डाग पडतो. नकाशे घडी न करता सपाट ठेवावेत, किंवा १० सेंटिमीटर जाडीच्या नळीभोवती बाहेरून गुंडाळावेत.

कागद भिजलेच तर ४८ तासांत वाळवायला हवेत. टिपकागद मध्ये घालून पंख्याखाली पसरावेत, उन्हात किंवा इस्त्रीखाली नाही. गठ्ठा मोठा असेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून शून्याखाली २० अंशांना गोठवून ठेवावा आणि थोडाथोडा काढून वाळवावा.

स्कॅन मजकुराला ३०० आणि मोडी व नकाशांना ६०० डीपीआयवर करावे, मूळ प्रत टिफमध्ये, रोजच्या वापराला पीडीएफ. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद रद्दीत घालणे हा अपराध समजावा.

ताबा, नेआण आणि पुरावा

३० वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला असेल तर त्यावरील सही व अक्षर ज्याचे म्हटले आहे त्याचेच आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ९० होते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ९२ आहे. हा आधार मूळ दस्ताला मिळतो, झेरॉक्सला नाही, आणि आतला मजकूर खरा आहे असे त्याने ठरत नाही. ‘योग्य ताबा’ मात्र दप्तरानेच सिद्ध करायचा असतो. माजी अध्यक्षांच्या घरच्या ट्रंकेत सापडलेले खत आणि आवक रजिस्टरात वर्षानुवर्षे नोंद असलेले खत यांत न्यायालयापुढे मोठा फरक पडतो. ट्रंकेतले खत मिळालेच तर कोणाकडून, कोणत्या तारखेला, कोणासमक्ष आले याचा पंचनामा करून मगच ते रुमालात घालावे.

जनरल रजिस्टरालाही हेच लागू आहे. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे वास्तव्य व नोंदी दाखवाव्या लागतात. घरोघरचे लोक त्या एका ओळीसाठी दारात येतात. पान फाटू नये म्हणून मूळ वही न देता स्कॅनवरून उतारा द्यावा. खाडाखोड आढळली तर ती दुरुस्त न करता जशी आहे तशी प्रमाणित करावी.

मूळ दस्त वकिलाकडे किंवा बँकेकडे जाताना त्याच्या जागी रंगीत जागाचिठ्ठी ठेवावी: दस्ताचा क्रमांक, पानांची संख्या, कोणाकडे, कशासाठी, परतीची तारीख आणि दोघांच्या सह्या. तारीख उलटल्यावर आठवण देणे हे अभिलेखपालाचे काम. परत आल्यावर पाने मोजून, मागची बाजू पाहून, मगच चिठ्ठी काढावी.