भिंत कसली आहे, ते आधी बघा

जुन्या हिंदी-मराठी सिनेमांची मोठी पोस्टरं ३० बाय ४० इंचांची असतात. त्या कागदाचं वजन जेमतेम शंभर ग्रॅम. तेच पोस्टर भिंतीवर टांगायला म्हणून फ्रेमवाल्याकडून घरी येतं तेव्हा नऊ किलोच्या आसपास गेलेलं असतं. हिशेब सोपा आहे. काचेची घनता घनमीटरला २५०० किलो. म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन दर चौरस मीटरला साडेसात किलो, आणि आपल्या पोस्टरचं क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरहून थोडं जास्त. एकट्या काचेचेच जवळपास सहा किलो झाले. पाठीमागचा ३ मिलिमीटरचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंची फळी) पावणेदोन किलोच्या आत-बाहेर, आणि सागवानी चौकट सव्वा ते दीड किलो.

काचेऐवजी ॲक्रिलिक घेतलं तर घनता एकदम निम्म्यावर, ११९० किलोच्या आसपास येते आणि सगळी फ्रेम सहा किलोंत बसते. ॲक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात, पुसताना त्यावर स्थिर विद्युतभार जमतो आणि धूळ चिकटते, हे खरं आहे. तरीही पलंगाच्या किंवा सोफ्याच्या वर लावायचं मोठं पोस्टर असेल तर माझं मत ॲक्रिलिकच्या बाजूने आहे. ते फुटलं तरी काचेसारख्या धारदार सुऱ्या होऊन खाली येत नाही.

आता हे नऊ किलो भिंतीवर नेमके कसे येतात ते पाहू. टांगलेल्या फ्रेमचा जोर दोन दिशांनी असतो. एक भिंतीला समांतर, सरळ खाली. त्याला कर्तनबल म्हणतात. दुसरा भिंतीबाहेर, खिळा उपटून काढू पाहणारा. बहुतेकांना भीती असते ती दुसऱ्याची, पण तो किती असतो? फ्रेमचा खालचा काठ भिंतीला टेकलेला असतो आणि तिचा गुरुत्वमध्य भिंतीपासून दीड सेंटिमीटरवर असतो. हुक खालच्या काठापासून ९० सेंटिमीटर उंचीवर आहे असं धरलं, तर उपटणारा जोर ९ गुणिले १.५ भागिले ९०. उत्तर येतं फक्त १५० ग्रॅम! तेच एखादी २५ सेंटिमीटर खोल फळी दहा सेंटिमीटर उंचीच्या ब्रॅकेटवर लावली, तर उपटणारा जोर फळीवरच्या सामानाच्या वजनापेक्षाही जास्त भरतो. म्हणून फळीसाठी वापरलेलं सामान फ्रेमला चालतं, पण फ्रेमचं सामान फळीला कधीही लावू नये.

मग फ्रेमा पडतात कशामुळे? खिळा तुटून पडलेली फ्रेम क्वचितच सापडेल. खिळा शाबूत असतो, त्याच्याभोवतीची भिंत ढासळलेली असते. पडलेल्या फ्रेमच्या जागी भोक नीट पाहिलं तर ते गोल नसतं. खालच्या बाजूला लांबट झालेलं असतं आणि कडेचे पोपडे निघालेले असतात. खिळ्याने तिथे तरफेचं काम केलेलं असतं.

समजा खिळा भिंतीत २ सेंटिमीटर गेला आहे, ३ सेंटिमीटर बाहेर आहे आणि दोरी त्याच्या टोकाजवळ अडकवली आहे. फ्रेम नऊ किलोची असली तरी भोकाच्या तोंडाशी, खालच्या काठावर सुमारे साडेबावीस किलोंचा दाब येतो, आणि आतलं टोक साडेतेरा किलोंच्या जोराने वर उचललं जातं. हा सगळा दाब पडतो तीन मिलिमीटर जाडीच्या खिळ्याखालच्या चिंचोळ्या पट्टीवर. गिलावा हळूहळू चुरत जातो, खिळा थोडा झुकतो, दोरी टोकाकडे आणखी सरकते आणि तरफ लांब होते. दार आपटलं किंवा शेजारी कोणी ड्रिल चालवलं की शेवटचा धक्का बसतो. आता तोच खिळा ४ सेंटिमीटर आत घालून दोरी भिंतीपासून अर्ध्याच सेंटिमीटरवर ठेवली, तर तोंडावरचा दाब दहा किलोंच्या आसपास उतरतो. वजन तेच, खिळाही तोच.

पितळी मुलाम्याचा चपटा फोटो हुक याच तत्त्वावर चालतो. हार्डवेअरच्या दुकानात तो काही रुपयांना मिळतो आणि दिसायला फार किरकोळ वाटतो. त्याची पट्टी भिंतीला सपाट चिकटून बसते आणि खिळा वरून खाली तिरका आत जातो. फ्रेमचं वजन भिंतीच्या अगदी अंगाशी पडतं, त्यामुळे तरफ जवळपास उरतच नाही. खिळा तिरका असल्याने तो सरळ बाहेरही सरकत नाही. छोट्या आणि मध्यम फ्रेमांसाठी विटांच्या भिंतीवर हा हुक उत्तम. मात्र खिळा गिलाव्याच्या पलीकडे, विटेत पोहोचला पाहिजे.

आणि इथेच खरा प्रश्न सुरू होतो, कारण रंगाच्या मागे काय आहे हे भिंत बाहेरून सांगत नाही. आतल्या बाजूचा सिमेंटचा गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाड असतो. नव्या फ्लॅटमध्ये बऱ्याचदा जिप्समचा गिलावा असतो, आणि तो नखानेही ओरखडता येतो. एक इंचाचा खिळा ठोकला तर त्याचा अर्ध्याहून जास्त भाग या थरातच राहतो. म्हणून खिळा किंवा स्क्रू निवडण्याआधी भोकातून पडणारा भुगा बघावा. ड्रिलखाली एक पांढरा कागद दुमडून चिकटवला की धूळ फरशीवर सांडत नाही आणि भिंतीचा पत्ताही लागतो. आधी पांढरा-राखाडी भुगा येतो, तो गिलाव्याचा. मग लाल आला तर वीट. बिट पुढे सरकेना आणि बारीक करडी पूड येत राहिली तर काँक्रीट. बिट लोण्यात गेल्यासारखं आत घुसलं आणि पांढुरकी भुकटी भसाभस आली तर सिपोरेक्स, म्हणजे फुगवलेले हलके ब्लॉक. एकदम पोकळी लागून मशीन पुढे झटकलं तर जिप्सम बोर्डाचं पार्टिशन किंवा पोकळ ब्लॉक.

लाल भुगा आला तर काम सोपं. ६ मिलिमीटरचं बिट, त्याच मापाची नायलॉनची गिट्टी (भोकात बसवायचा पोकळ प्लग) आणि तिच्यात बसणारा स्क्रू. स्क्रू आत शिरतो तशी गिट्टी फुगते, भोकाच्या भिंतींवर दाब देते आणि त्या दाबातून निर्माण होणारं घर्षण तिला धरून ठेवतं. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेची जोडणी करायची होती. त्यासाठी जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी १९११च्या सुमारास तागाचे धागे डिंकात बांधून पोकळ नळीसारखी गुट्टी बनवली. तोवर भिंतीत मोठं भोक खणायचं, त्यात लाकडाचा ठोकळा बसवायचा आणि मग स्क्रू पिळायचा, अशीच रीत होती. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये अशा लाकडी गुट्ट्या अजून सापडतात. दुकानात आपण आजही ‘रावल प्लग’ मागतो ते रॉलिंग्ज यांच्याच कंपनीमुळे. पुढे १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची, उभी चिरलेली आणि दातेरी गिट्टी आणली. आज जगभर वापरली जाते ती बहुतांशी तिचीच वंशज.

गिट्टीच्या बाबतीत दोन गोष्टींवर मी अडून बसेन. पहिली, ती गिलाव्यात फुगता कामा नये. ३० मिलिमीटरच्या गिट्टीचा निम्मा भाग १५ मिलिमीटर गिलाव्यात राहिला, तर फुगताना ती गिलाव्यालाच तडा देते. लांब गिट्टी घ्यावी, किंवा आखूड गिट्टी ठोकून विटेपर्यंत आत बसवावी आणि लांब स्क्रू वापरावा. स्क्रूचं टोक गिट्टीच्या पार शेवटापर्यंत गेलं पाहिजे, नाहीतर ती पुरती फुगतच नाही. दुसरी, भोकातली धूळ काढल्याशिवाय गिट्टी बसवू नये. घर्षणावर उभ्या असलेल्या जोडणीत भुकटीचा थर म्हणजे वंगणच. व्हॅक्युम क्लीनरची नळी दोन क्षण धरली तरी पुरतं. स्वस्तातल्या रंगीत गिट्ट्या बऱ्याचदा मऊ प्लॅस्टिकच्या असतात. सतत दाबाखाली ते हळूहळू सरकतं आणि पकड ढिली होते. नायलॉनला दोन रुपये जास्त लागले तरी द्यावेत.

सिपोरेक्सची, म्हणजे एएसी ब्लॉकची, गोष्ट वेगळी. सिमेंट, चुना आणि राख किंवा वाळू यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालतात. तिच्या अभिक्रियेतून हायड्रोजन वायू सुटतो, मिश्रण फुगतं आणि मग ते वाफेच्या दाबाखाली पक्कं करतात. आकारमानाचा मोठा भाग नुसती पोकळी असते. घनमीटरला वजन ५५० ते ६५० किलो, तर काँक्रीटचं २४००. पुण्या-मुंबईच्या गेल्या काही दशकांतल्या इमारतींत या ब्लॉकच्या भिंती सर्रास आहेत. यात नेहमीची गिट्टी फुगली की आजूबाजूचे बुडबुडे चिरडले जातात आणि दाब टिकतच नाही. त्यामुळे ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडावं आणि एएसीसाठी मुद्दाम केलेली, लांब आणि रुंद दात्यांची गिट्टी वापरावी. अशा भिंतीत नुसता खिळा ठोकून नऊ किलो टांगणं मला पटत नाही, आज तो कितीही घट्ट वाटो.

नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या अखंड काँक्रीटच्या भिंती असतात. तिथे पकडीची चिंता नाही, भोक पाडण्याची आहे. हॅमर ड्रिल लागतंच. बिट सळईला लागून थांबलं तर जोर न लावता दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकावं. हातोडीने स्टीलचा खिळा मारायचा असेल तर डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण तो कडक केलेला असल्याने वाकत नाही, तुटून उडतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यात कठीण आणि मऊ भाग एकाच दगडात शेजारी असतात, त्यामुळे लांब गिट्टी बरी. जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनला मागे पंख उघडणारा टॉगल बोल्ट लावावा. तो वजन बोर्डाच्या पाठीवर पसरवतो.

आता फ्रेमची मागची बाजू. फ्रेमवाले दोन कडांना आयस्क्रू, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेले स्क्रू, लावून त्यांच्यामध्ये दोरी किंवा तार ताणून देतात. खिळा वरून दिसू नये म्हणून ती जितकी ताठ तितकी चांगली असं समजलं जातं, आणि इथे भूमिती हिसका दाखवते. एकाच खिळ्यावर टांगल्यावर तारेचा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन झाला, तर तारेतला ताण बरोबर फ्रेमच्या वजनाइतका, नऊ किलो असतो. कोन १० अंशांवर आला की तो सव्वीस किलो होतो आणि ५ अंशांवर एक्कावन्नच्याही पुढे जातो. दोन आयस्क्रूंमधलं अंतर ७० सेंटिमीटर असेल तर ५ अंश म्हणजे तार मध्यभागी फक्त तीन सेंटिमीटर वर उचललेली. खिळ्यावर अजूनही नऊच किलो आहेत, पण फ्रेमच्या दोन्ही उभ्या पट्ट्या पन्नास किलोंच्या जोराने एकमेकींकडे ओढल्या जातात. कोपऱ्यातले ४५ अंशांचे सांधे उघडायला लागतात ते बऱ्याचदा याचमुळे.

तारेला मध्यभागी निदान वीस सेंटिमीटर ढील असावी, म्हणजे कोन ३० अंशांच्या खाली जात नाही. मोठ्या पोस्टरसाठी मात्र मी तार वापरायचीच नाही असं म्हणेन. दोन्ही उभ्या पट्ट्यांवर डी-रिंग लावाव्यात आणि प्रत्येक रिंग थेट स्वतःच्या स्क्रूवर अडकवावी. प्रत्येक स्क्रूवर साडेचार किलो येतात, आडवा ताण शून्य, आणि फ्रेम तिरकी होत नाही. दोन भोकं एका पातळीत यायला थोडी मेहनत पडते. रिंगांमधलं अंतर कागदाच्या पट्टीवर उतरवून ती पट्टी पाणसळीने भिंतीवर धरली की काम नेमकं होतं.

जुन्या वाड्यांच्या माजघरात पूर्वजांचे फोटो वर पुढे झुकलेले असत, ती मांडणीही विचारपूर्वक होती. फ्रेमचा खालचा काठ दोन खिळ्यांवर किंवा लाकडी पट्टीवर टेकवलेला, आणि वरून फक्त एक दोरी. बरंचसं वजन खालचा आधार घेई, दोरीकडे झुकावापुरताच ताण येई. जाड काचेच्या जड फ्रेमा मातीच्या भिंतीवर पिढ्यान् पिढ्या टिकल्या त्या अशा.

भाड्याच्या घरात भोक पाडायची परवानगी नसते, तिथे चिकटपट्ट्यांचा मोह होतो. या पट्ट्या भिंतीला समांतर जोर चांगला सोसतात, पण सोलून काढणारा जोर लावला की सगळा भार एका बारीक रेषेवर येतो आणि त्या सुटतात. शिवाय त्या भिंतीला चिकटत नाहीत, रंगाला चिकटतात. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर हात फिरवून तळव्याला पांढरं लागत असेल तर पट्टी लावूच नये. उन्हाळ्यात तापणाऱ्या भिंतीवर गोंद मऊ होऊन फ्रेम रोज थोडी थोडी खाली सरकते. गुळगुळीत ऑइलपेंटवर, ॲक्रिलिक लावलेल्या हलक्या फ्रेमला त्या ठीक आहेत. काचेच्या मोठ्या फ्रेमला नाहीत.

भोक कुठे पाडायचं याचाही विचार हवा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भिंतीत वायरी असतात, न्हाणीघराच्या पाठीमागच्या भिंतीत पाण्याचे पाइप. भिंतीचा तेवढा भाग सोडून द्यावा. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बटणं चिकटवावीत. पाच-सहा मिलिमीटरची फट पडली तरी हवा खेळते, पोस्टरच्या कागदाला बुरशी धरत नाही आणि फ्रेम हलायचीही थांबते. आयस्क्रूला सुतळी बांधलेली असेल तर ओलीने ती आतून कुजते. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम उतरवाल तेव्हा सुतळी काढून प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार घालावी, आणि त्याच वेळी भिंतीतला स्क्रू बोटाने हलवून पाहावा.