पेल्याच्या तळाशी कोरलेले एक अक्षर

बेल्जियममधील गेंट शहरात ‘डुल्ले ग्रीट’ नावाचा एक जुना पब आहे. तेथे १.२ लिटर बिअर मावणारा, लाकडी चौकटीत उभा केलेला उंच पेला मागवला, तर ग्राहकाला पायातला एक बूट अनामत म्हणून काढून द्यावा लागतो. तो टोपलीत घालून छताला टांगतात आणि पेला सुखरूप परत मिळाल्यावरच खाली उतरवतात. पेले पळवणाऱ्या हौशी मंडळींवर काढलेला हा तोडगा आहे. ज्या देशाची बिअर-संस्कृती २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, तेथे जवळजवळ प्रत्येक बिअरला तिचा स्वतःचा पेला असतो. ओर्व्हाल मठात तयार होणाऱ्या बिअरचा रुंद, जाड दांड्याचा चषक तर त्या मठाची इमारत उभारणाऱ्या वास्तुविशारद हेन्री व्हाएस यांनीच रेखाटला होता. तिकडे जाऊन आलेले आपले लोकही हल्ली दोन-चार पेले कपड्यांत गुंडाळून घरी आणतात, आणि मग हमखास प्रश्न येतो, की या आकारांना खरोखर काही अर्थ आहे, की ही सगळी व्यापाऱ्यांची चाल आहे?

माझ्या मते त्यात चालीचा भाग बराच आहे. मात्र उरलेला भाग अस्सल भौतिकशास्त्राचा आहे आणि तो पेल्याच्या डौलापेक्षा त्याच्या तळाशी अधिक सापडतो. ड्यूव्हेल या ८.५ टक्के मद्यार्काच्या बिअरचा ट्युलिपच्या फुलासारखा पेला हाती आला, तर तो रिकामा असताना आत डोकावून पाहावे. तळाच्या मधोमध ‘डी’ हे अक्षर कोरलेले दिसेल. ते केवळ नाममुद्रा नव्हे. बिअर ओतली की बुडबुड्यांची अखंड माळ याच अक्षरातून वर चढू लागते.

हे का घडते, हे समजण्यासाठी आधी बुडबुडा जन्मतो कसा ते पाहावे लागेल. बंद बाटलीत कार्बन डायऑक्साइड वायू दाबाखाली विरघळलेला असतो. झाकण उडाले की दाब उतरतो आणि द्रवात मावेल त्याहून अधिक वायू आत अडकून राहतो. त्याला बाहेर पडायचे असते, पण बुडबुडा होणे सोपे नसते. फुगा फुगवताना पहिली फुंकर सर्वांत जड जाते, तसेच काहीसे येथे होते, कारण बुडबुड्याभोवतीचा द्रव पृष्ठताणामुळे त्याला सतत आवळत असतो. या आवळण्याने निर्माण होणारा जादा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले बुडबुड्याची त्रिज्या. बिअरचा पृष्ठताण सुमारे ०.०४५ न्यूटन प्रति मीटर धरला, तर १० नॅनोमीटर त्रिज्येच्या नवजात बुडबुड्याला जवळजवळ ९० वातावरणांइतका दाब सोसावा लागतो (एक वातावरण म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब). उलट थंडगार लागर बिअरमधील वायूची बाहेर पडण्याची ओढ एका वातावरणाहूनही कमी असते. म्हणजे निव्वळ द्रवाच्या पोटात, शून्यातून बुडबुडा जन्मणे जवळजवळ अशक्यच आहे.

मग इतके बुडबुडे येतात कुठून? ते आधीच अडकून बसलेल्या हवेतून येतात. काचेवरचा बारीक चरा किंवा पुसण्याच्या कापडातून सुटलेला सेल्युलोजचा पोकळ तंतू यांच्या खोबणीत बिअर पूर्णपणे शिरू शकत नाही आणि हवेचा कण तसाच कोंडला जातो. तो पुरेसा मोठा असेल, तर आजूबाजूचा वायू त्यात शिरत जातो, कण फुगतो आणि त्याची तरणशक्ती काचेवरची पकड सोडवण्याइतकी झाली की बुडबुडा निसटतो. पण मागे थोडा वायू शिल्लक राहतो आणि त्याच बीजातून पुढचा बुडबुडा वाढू लागतो. शँपेनच्या बुडबुड्यांचे अभ्यासक म्हणून नावाजलेले फ्रान्समधील जेरार लिझे-बेलेर यांनी २०२१ मध्ये बिअरचा हिशेब मांडला. सुमारे १.४ मायक्रोमीटरहून रुंद खोबणीच बुडबुडे देऊ शकते, आणि लागरच्या एका पेल्यातून अंदाजे २ लाख ते २० लाख बुडबुडे बाहेर पडतात, असे त्यांना आढळले. वरच्याच सूत्रात १.४ मायक्रोमीटर ही त्रिज्या घालून पाहिली, तर दाब सुमारे ०.६३ वातावरण येतो, म्हणजे बिअरला परवडण्याजोगा. ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा आला असेल त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की तळाशी लेझरने केलेले कोरीव काम म्हणजे अशा शेकडो खोबणींची मुद्दाम केलेली पेरणी होय.

या पेरणीचा उपयोग फेसासाठी होतो. फेसाचा सांगाडा सातूतील प्रथिने आणि हॉप्स या वेलीच्या फुलांमधील कडू द्रव्ये मिळून उभा करतात, पण तो सतत झिजत असतो, कारण त्यातला द्रव निथळत राहतो आणि लहान बुडबुड्यांतला वायू मोठ्यांत झिरपत जातो. ही झीज किरणोत्सारी द्रव्याप्रमाणे घातांकी नियमाने, म्हणजे ठरावीक वेळात उरलेल्याचा ठरावीक वाटा नाहीसा होत होते, हे म्युनिकच्या आर्न्ट लाइके यांनी तीन बिअर मोजून दाखवले आणि त्याबद्दल त्यांना २००२ चे इग् नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. गिनेस या आयरिश काळ्या बिअरच्या फेसात नायट्रोजन असतो. तो द्रवात फारसा विरघळत नसल्याने हे झिरपणे मंदावते आणि फेस सायीसारखा टिकतो.

कोरीव तळाची दुसरी बाजूही आहे, जी विक्रेते सांगत नाहीत. वायू लवकर बाहेर पडतो, म्हणून तासभर घुटके घेत पिण्याच्या जड बिअरला तो पेला नकोच. तिला गुळगुळीत तळाचा, तोंडाशी निमुळता पेला द्यावा, ज्यात वास कोंडून राहतो. गव्हाच्या बिअरचा उंच पेला अर्ध्या लिटरवर फेसाला जागा देतो, तर जर्मनीतील कोलोन शहराची कोल्श ही बिअर ०.२ लिटरच्या सरळ नळकांड्यात देतात, जेणेकरून ती कोमट होण्याआधी संपावी. एवढ्या तिघाचौघांत घरचे काम भागते. ‘या काठामुळे बिअर जिभेच्या गोड चवीच्या भागावर पडते’ असे कोणी सांगू लागला, तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नये. जिभेचे चवींनुसार भाग पाडणारा तो नकाशा जर्मन संशोधक हेनिग यांच्या १९०१ च्या प्रयोगाचा पुढे झालेला विपर्यास आहे. चवी जिभेवर सर्वत्र कळतात.

संग्रहाचा खरा शत्रू मात्र स्निग्धांश आहे, कारण तो बुडबुड्याच्या पातळ पडद्यात शिरून त्याला फोडतो. ओठांवरची लाली किंवा धुताना राहिलेला साबण हेही फेस बसवतात. बाजूच्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले, तर ते सौंदर्य नव्हे, मळ समजावा. पेला कापडाने न पुसता जाळीवर पालथा घालून वाळवावा, म्हणजे तंतूही राहत नाहीत. शंका असेल तर तो आतून ओला करून मीठ भुरभुरावे. जिथे तेलकटपणा असेल तिथे ते चिकटत नाही. स्वयंपाकघराशेजारच्या उघड्या फळीवर मांडलेले पेले या परीक्षेत बहुधा नापास होतात, कारण फोडणीची वाफ त्यांच्यावर आधीच बसलेली असते.