लाल गोळी आणि ब्लड कॅन्सर

वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांत "अंगात रगत नाही" हे इतकं सहज बोललं जातं की तो आजार वाटतच नाही. आशाताई घरी लाल गोळ्या देऊन जातात. त्या गोळीत लोहाबरोबर फोलिक ॲसिड असतं. ब्लड कॅन्सरवरच्या औषधाचा माग काढत गेलं की आपण याच फोलिक ॲसिडपाशी येऊन पोचतो.

1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. तिथल्या गरीब गरोदर बायकांमध्ये, त्यातही गिरणी कामगार बायकांमध्ये, भयंकर रक्तक्षय होता. विल्सबाईंनी त्यांचा आहार तपासला. पावाला लावायचा मार्माइट नावाचा स्वस्त यीस्टचा अर्क दिल्यावर रक्त भरून येतं, हे त्यांनी 1931 मध्ये मांडलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना मात्र उलटंच दिसलं. ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, झालेल्या मुलांना फोलिक ॲसिडच्या जातीचं औषध दिलं, तर रोग जास्तच भडकतोय असं त्यांना वाटलं. मग कॅन्सरच्या पेशींना फोलिक ॲसिड वापरूच दिलं नाही तर? ते अडवणारं ॲमिनॉप्टेरिन हे औषध त्यांना मिळालं यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून. सुब्बाराव मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे. 1948 मध्ये फार्बर यांनी 16 मुलांची माहिती छापली. त्यातल्या 10 जणांना काही काळ आराम पडला होता. तोवर या रोगात मुलं आठवड्यांत, महिन्यांत जात. त्याच औषधाचं भावंड, मेथोट्रेक्सेट, आजही लहान मुलांच्या ल्युकेमियात देतात.

पुढची वाट प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातून निघाली. ल्युकेमियात दुसऱ्याचा अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा गाभा, रुग्णाला देता येतो. पण शरीर तो का नाकारतं, हे समजायला ज्याँ दॉसे यांचं 1958 चं संशोधन कामी आलं: पेशींवर आपलं-परकं ओळखण्याच्या खुणा असतात. भारतात 20 मार्च 1983 रोजी टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी 9 वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा अस्थिमज्जा दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार19 या ब्लड कॅन्सरवरच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून त्यांना कॅन्सरची खूण ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात.

भारतातले हे दोन्ही टप्पे मुंबईत घडले, आणि "टाटाला नेलं" म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण मला जास्त काळजी वाटते ती टाटाला नेण्याआधीच्या दिवसांची. शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी 1958 मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची नोंद केली. आपल्या भागात सिकलसेल आहे, कुपोषण आहे, आणि या गर्दीत ल्युकेमियाही "रगत कमी" म्हणूनच येतो. रक्त चढवलं की पोरगं चार दिवस हसतं-खेळतं आणि घरच्यांना बरं झाल्यासारखं वाटतं.

फरक दिसतो तो काचेवर. रक्ताचा एक थेंब पट्टीवर ओढून पसरवायचा, वाळू द्यायचा, लिशमन रंग टाकायचा. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसतात. ल्युकेमियात बहुतेकदा मोठमोठ्या कच्च्या पेशी दिसतात, जवळजवळ सगळी जागा केंद्रकानंच व्यापलेली. सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथवर एसटीनं जाता येतं. महिनाभर गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, ताप हटत नसेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, किंवा अंगावर निळे डाग उठत असतील, तर ही काच त्याच आठवड्यात बघून घ्यावी.