सुआरेझला विकायचं का? लिव्हरपूलपुढच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

२१ एप्रिल २०१३. लिव्हरपूलच्या घरच्या ॲनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल विरुद्ध चेल्सी, इंग्लिश लीगचा फुटबॉल सामना. त्या एका दुपारी लिव्हरपूलचा उरुग्वेयन आघाडीपटू लुईस सुआरेझ संपूर्ण दिसला. आधी त्याने सहकारी स्टरिजला गोलसाठी नेमका पास दिला. पाचच मिनिटांनी स्वतःच्या गोलपुढे चेंडूला हात लावला आणि चेल्सीला पेनल्टी मिळाली. मग चेंडूसाठीची झटापट चालू असताना त्याने चेल्सीच्या ब्रानिस्लाव्ह इव्हानोविचचा दंड धरला आणि चावा घेतला. इव्हानोविच बाही वर करून पंचांना खूण दाखवत राहिला, पण पंचांनी तो प्रकार पाहिलाच नव्हता. ९७ व्या मिनिटाला सुआरेझनेच हेडरने बरोबरी साधली. २-२.

पुढे १० सामन्यांची बंदी आली. ब्रिटनचे पंतप्रधानही या विषयावर बोलले. लिव्हरपूलच्या चाहत्यांमध्ये दोन तट पडले. या माणसाला विकून मोकळं व्हावं, की एवढा गोल करणारा माणूस हातचा जाऊ देऊ नये? मी सुआरेझच्या खेळावर जीव टाकणाऱ्यांपैकी आहे, तरी त्या रात्री मला झोप लागली नव्हती. पण हा प्रश्न त्या दिवशी जन्मलेला नव्हता. त्याची मुळं शंभरेक वर्षं मागे जातात.

१८९० च्या दशकापासून इंग्लिश लीगमध्ये असा नियम होता की खेळाडूची नोंदणी ज्या क्लबकडे, त्या क्लबने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. करार संपला तरी नाही. पगारालाही कमाल मर्यादा होती, ती आठवड्याला २० पौंड असताना १९६१ मध्ये उठली. अशा व्यवस्थेत ‘वादग्रस्त खेळाडूचं काय करायचं’ हे सर्वस्वी मालकांच्या मर्जीवर होतं. भांडखोर माणसाला विकायचं, नाहीतर नोंदणी धरून घरी बसवायचं. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने या नियमाविरुद्ध कोर्टात धाव घेतली. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी करार संपल्यावरही खेळाडूला बांधून ठेवणं अन्यायकारक ठरवलं. १५ डिसेंबर १९९५ ला बेल्जियन खेळाडू बोसमनच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाचा निकाल आला आणि करार संपलेला खेळाडू युरोपीय संघात जुन्या क्लबला एक पैसाही न मिळता दुसऱ्या क्लबकडे जाऊ लागला.

इथे पारडं फिरलं. करार संपत आला की खेळाडूची किंमत शून्याकडे जाते, म्हणून क्लबला दोन-तीन वर्षं आधीच ठरवावं लागतं: नवा करार करायचा की विकायचं. त्यात वाद उसळला की पेच आणखी घट्ट होतो. बंदी असलेल्या, बदनाम झालेल्या खेळाडूला घेणारे थोडे, आणि तेही भाव पाडून मागणारे. म्हणजे ‘विका त्याला’ हा आवाज सर्वात मोठा असतो, नेमका तेव्हाच विकणं सर्वात तोट्याचं असतं. क्लबचे लोक हे उघडपणे बोलत नाहीत, पण त्यांचा पहिला हिशेब हाच असतो.

या हिशेबातलं सर्वात मोठं उदाहरण फ्रेंच आघाडीपटू एरिक कँटोना. १९९२ मध्ये लीड्सने लीग जिंकली तेव्हा तो संघात होता. मॅनेजर हॉवर्ड विल्किन्सन यांच्याशी त्याचं जमेना. नोव्हेंबरमध्ये लीड्सकडून मँचेस्टर युनायटेडला फोन गेला तो त्यांच्या डेनिस आयर्विनबद्दल विचारायला, आणि त्याच बोलण्यात युनायटेडने उलट कँटोनाबद्दल विचारलं. १२ लाख पौंडांत सौदा झाला. त्या हंगामात गतविजेता लीड्स सतराव्या क्रमांकावर घसरला, बाहेरच्या मैदानावर लीगमधला एकही सामना जिंकू शकला नाही. युनायटेडने मात्र २६ वर्षांनी लीग जिंकली. ‘डोकेदुखी’ विकून टाकण्याची किंमत काय असू शकते, हे सांगताना इंग्लंडमध्ये आजही हाच दाखला देतात.

पण कँटोनाची खरी कसोटी पुढे होती. २५ जानेवारी १९९५ ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध त्यांच्याच सेलहर्स्ट पार्क मैदानावर त्याला लाल कार्ड मिळालं. बाहेर जाताना शिवीगाळ करणाऱ्या एका प्रेक्षकावर त्याने कठड्यावरून उडी घेत लाथ मारली. युनायटेडने काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. इंग्लिश फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फुटबॉल असोसिएशनच्या (एफए) निकालाची वाट न बघता क्लबने स्वतःच त्याला उरलेल्या हंगामासाठी निलंबित केलं आणि २० हजार पौंड दंड केला. असोसिएशनने नंतर बंदी ३० सप्टेंबरपर्यंत वाढवली. न्यायालयाने दिलेली दोन आठवड्यांची कैद अपिलात १२० तासांच्या समाजसेवेवर आली. त्याच्याशिवाय युनायटेडची लीग एका गुणाने हुकली, एफए कपचा अंतिम सामनाही गेला.

उन्हाळ्यात बंद दाराआडच्या सराव सामन्यावरूनही असोसिएशनने खुसपट काढलं, तेव्हा कँटोना वैतागून फ्रान्सला निघून गेला. इंटर मिलान टपून होतंच. युनायटेडचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन स्वतः पॅरिसला गेले, त्याच्याबरोबर जेवले, त्याची समजूत काढून त्याला परत आणलं. १ ऑक्टोबर १९९५ ला तो लिव्हरपूलविरुद्ध मैदानात उतरला आणि पेनल्टीवर गोल केला. त्या हंगामात युनायटेडने लीग आणि कप दोन्ही जिंकले. कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोलही त्याचाच.

मँचेस्टर सिटीच्या कार्लोस तेवेझची गोष्ट थोडक्यात. सप्टेंबर २०११ मध्ये म्युनिकच्या सामन्यात त्याने मैदानात उतरायला नकार दिला, असं मॅनेजर मान्चिनी म्हणाले. आता हा माझ्या संघात पुन्हा खेळणार नाही, असंही सांगून टाकलं. तेवेझ अर्जेंटिनाला जाऊन बसला. जानेवारीत एसी मिलानशी चाललेला सौदा फिसकटला. मार्चमध्ये तोच खेळाडू, त्याच मान्चिनींच्या संघात, चेल्सीविरुद्ध बदली म्हणून आला आणि विजयी गोलचा पास देऊन गेला. एप्रिलमध्ये नॉर्विचविरुद्ध हॅट्ट्रिक. मे महिन्यात सिटीने गोलफरकावर लीग जिंकली.

आता पुन्हा सुआरेझकडे. तो ३१ जानेवारी २०११ ला लिव्हरपूलला आला, तेव्हा त्याचा पूर्वेतिहास सर्वांना माहीत होता. २०१० च्या विश्वचषकात घानाविरुद्ध गोलरेषेवर हाताने अडवलेला चेंडू, आणि त्याच वर्षी आयाक्सकडून खेळताना पीएसव्हीच्या ओटमान बक्कालला घेतलेला चावा. त्याबद्दल सात सामन्यांची बंदी तो भोगतच होता. क्लबने डोळे उघडे ठेवूनच त्याला घेतलं होतं.

१५ ऑक्टोबर २०११ ला युनायटेडच्या पॅट्रिस एव्राने त्याच्यावर वर्णद्वेषी बोलण्याचा आरोप केला. डिसेंबरमध्ये असोसिएशनच्या समितीने आरोप मान्य केला. आठ सामन्यांची बंदी, ४० हजार पौंड दंड, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी ११५ पानांचा सविस्तर निकाल. पण डिसेंबरमध्ये शिक्षा जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी विगनच्या मैदानावर सरावाला उतरलेल्या लिव्हरपूलच्या खेळाडूंच्या अंगात सुआरेझचं चित्र छापलेले टी-शर्ट होते. मला विचाराल तर लिव्हरपूलची चूक त्याला ठेवण्यात नव्हती, या टी-शर्टांत होती. कँटोनाच्या वेळी युनायटेडने आधी शिक्षा केली आणि मग पाठीशी उभं राहिलं. लिव्हरपूलने आधी पाठराखण केली, आणि समोर एक माणूस दुखावला गेलाय हे पाहिलंच नाही. फेब्रुवारीत सुआरेझने एव्राशी हस्तांदोलन टाळलं तेव्हा प्रायोजकांनी नाराजी व्यक्त केली, आणि मग दुसऱ्या दिवशी माफीची पत्रकं निघाली.

चाव्यानंतर, २०१३ च्या उन्हाळ्यात, बाजू पलटली. आता सुआरेझलाच जायचं होतं. लिव्हरपूल सातव्या क्रमांकावर होतं, युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये जागा नव्हती, आणि ४ कोटी पौंडांहून जास्त बोली आली तर त्याला जाता येईल, असं एक कलम करारात होतं. आर्सेनलने बोली लावली ४ कोटी १ पौंडाची. लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी ट्विटरवरून आर्सेनलवाले काय ओढतात (म्हणजे कुठल्या नशेत आहेत) असा सवाल केला आणि विक्रीला साफ नकार दिला. सुआरेझला काही दिवस संघापासून वेगळा सराव करावा लागला. पुढच्या मार्चमध्ये हेन्री यांनी मान्य केलं की कलम होतं, तरी न विकण्याची भूमिका त्यांनी घेतली. नैतिकदृष्ट्या हे मला आजही टोचतं. ज्या खेळाडूकडून वचन पाळण्याची अपेक्षा करायची, त्याला दिलेलं वचन क्लबनेही पाळायला हवं होतं.

मैदानावर मात्र निर्णय फळला. बंदी संपवून सप्टेंबरअखेर परतलेल्या सुआरेझने लीगच्या ३३ सामन्यांत ३१ गोल केले, त्यातला एकही पेनल्टीवर नाही. लिव्हरपूलने १०१ गोल केले. ५ मे २०१४ ला विजेतेपदाच्या आशेवर संघ सेलहर्स्ट पार्कवर उतरला, कँटोनाने लाथ मारली त्याच मैदानावर. तिसरा गोल सुआरेझचा, ३-० आघाडी. शेवटच्या दहा-बारा मिनिटांत पॅलेसने तीन गोल फेडले. सामना संपल्यावर सुआरेझ शर्टात तोंड खुपसून रडत बाहेर पडला. सिटी ८६ गुणांवर विजेता, लिव्हरपूल ८४ वर दुसरं.

सात आठवड्यांनी, २४ जूनला, विश्वचषकात त्याने इटलीच्या किएल्लिनीला चावा घेतला. फिफाने चार महिने फुटबॉलमधूनच दूर केलं. जुलैमध्ये तो बार्सिलोनाला गेला. आकडे वेगवेगळे सांगतात, पण साधारण साडेसहा कोटी पौंडांना. म्हणजे बदनामीच्या शिखरावर असतानाही आर्सेनलच्या बोलीपेक्षा कितीतरी जास्त. वर्षभरात बर्लिनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याचा गोल होता, तर लिव्हरपूल सहाव्या क्रमांकावर आणि त्याच्या जागी आणलेल्या बालोतेल्लीचा लीगमध्ये अख्ख्या हंगामात एक गोल.

व्यवहाराचा हिशेब तिथे मिटला. एव्राचा मिटायला आणखी पाच वर्षं गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात, विगनला तो टी-शर्ट घातलेला लिव्हरपूलचा माजी खेळाडू जेमी कॅराघर एव्राच्या शेजारी बसला होता. टी-शर्ट घालणं ही मोठी चूक होती, असं त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलं आणि एव्राची माफी मागितली.